चार आकृत्यांच्या मागे

आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा धडा आहे. डाल्टन, थॉमसन, रदरफर्ड आणि बोर त्यात एकामागून एक येतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक आकृती आणि दोन-चार वाक्ये. पुढच्याचे नाव आले की मागचा बाद. धडा वाईट नाही. मिळालेल्या पानांत त्याला याहून फारसे काही करता आले नसते. पण अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या शिक्षकांशी या धड्याविषयी बोलताना एक गोष्ट सारखी कानावर येते. मुलांना चारही आकृत्या सुबक काढता येतात, बोरची गृहीतके तोंडपाठ असतात; पण बोर यांना गृहीतके धरण्याची पाळीच का आली, याला उत्तर नसते. एखादे चौकस पोर मग उलटच विचारते : पहिले तिघे चुकलेच होते, तर ते शिकायचे कशाला?

हे पुस्तक त्या पोरासाठी आहे. माझे म्हणणे असे की पहिले तिघे बाद झालेलेच नाहीत. आपापल्या प्रश्नापुरते प्रत्येक प्रारूप आजही कामावर आहे. ते पाहायला मँचेस्टर किंवा कोपनहेगन गाठायची गरज नाही. घाटकोपरहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा ट्रॉम्बेच्या डोंगराआड ही सगळी प्रारूपे अणुसंशोधन केंद्राच्या एकाच कुंपणाच्या आत वापरात आहेत. आत सहज जाता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

अणूवर बोलायला उभे राहिले की कणादांचे काय, हा प्रश्न ठरलेला. वैशेषिक दर्शनात परमाणू आहेत, दोन परमाणूंचे द्व्यणुक आहे, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक आहे. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण म्हणजे त्र्यणुक, असेही त्या परंपरेत पुढे मानले गेले. विचार खोल आहे, आणि ग्रीसच्या डेमोक्रिटसशेजारी मानाने बसणारा आहे. पण या पुस्तकात प्रारूप म्हणवून घ्यायला एक अट आहे : काहीतरी मोजून ते खोटे पाडता आले पाहिजे. कणादांचा परमाणू या अटीत बसत नाही, डेमोक्रिटसचाही नाही. म्हणून पहिल्या प्रकरणात दोघांना एकेक पान दिले आहे. जास्त दिले असते तर त्यांनी न म्हटलेले त्यांच्या तोंडी घालावे लागले असते.

मोजमाप सुरू होते ते डाल्टन यांच्यापासून. मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून गुजराण करणाऱ्या या गृहस्थांनी १८०८ मध्ये आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा वजनात आहे. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे दोन वायू घ्या. कार्बन तेवढाच ठेवला तर दुसऱ्या वायूतला ऑक्सिजन पहिल्याच्या बरोबर दुप्पट भरतो. सव्वापट किंवा पावणेदोनपट भरत नाही. पदार्थ सुट्या कणांनी जोडला जात असेल तर हे आपोआप उलगडते. अणूच्या आत काय आहे याच्याशी डाल्टन यांना कर्तव्यच नव्हते, तेव्हा त्यांचा अणू ‘भरीव गोळा’ होता हा त्यांच्यावरचा आरोप मला नेहमी अन्यायाचा वाटतो. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असे त्यांनी धरले. अ‍ॅव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये वाट दाखवली, पण कॅनिझारो यांनी १८६० च्या कार्ल्सरुह परिषदेत तो मुद्दा पुन्हा मांडेपर्यंत अणुभारांचा गोंधळ मिटला नाही. पन्नास वर्षे रसायनशास्त्र अशा गोंधळलेल्या सूत्रांवर चालले, आणि बऱ्यापैकी चालले.

यानंतरचा क्रम पाठ्यपुस्तकात सरळ दिसतो तसा मुळीच नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर अणू खरोखर आहेत की हिशेबाची सोय आहेत, यावर मोठमोठ्या माणसांचे एकमत नव्हते. रसायनशास्त्रातले एक मातब्बर नाव, विल्हेल्म ओस्टवाल्ड, अणू मानतच नसत. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचे गणित मांडले, पेरँ यांनी पॅरिसमध्ये ते मोजून पडताळले, आणि ओस्टवाल्ड यांनी १९०९ मध्ये आपले मत बदलले. कुठे? आपल्याच पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत. प्रस्तावना कोणी वाचत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. गंमत अशी की थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला होता १८९७ मध्ये. म्हणजे अणूचा तुकडा आधी सापडला आणि अखंड अणूवर सगळ्यांचा विश्वास बसायला त्यानंतर डझनभर वर्षे लागली.

थॉमसन यांच्या प्रारूपाला आपल्याकडे कलिंगड म्हणतात, कुणी बुंदीचा लाडू म्हणते. मुलांच्या लक्षात राहते, म्हणून शिक्षकांना ते सोडवत नाही. पण त्यामुळे त्यांचा १९०४ चा निबंध झाकला जातो. त्या निबंधातले इलेक्ट्रॉन बियांसारखे रुतून बसलेले नाहीत. धनप्रभाराच्या गोलात ते वर्तुळाकार रांगांमध्ये फिरताहेत, आणि एका रांगेत किती इलेक्ट्रॉन स्थिर राहतील याचे किचकट गणित थॉमसन करताहेत. एक रांग भरली की पुढची सुरू. मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा का येतात याचे उत्तर त्यांना तिथे दिसत होते. गणिताचा तपशील टिकला नाही. रांगा भरत जातात ही कल्पना मात्र टिकली, आणि पुढे कवचांच्या रूपाने अकरावीच्या वहीत येऊन बसली.

आता रदरफर्ड यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतली अंधारी खोली. या भागाला मी पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९०९ मध्ये हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्न्स्ट मार्सडेन धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडत होते. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की अगदी अंधूक ठिणगी चमके. ती सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहायची आणि मोजायची. त्यासाठी आधी बराच वेळ अंधारात बसून डोळे तयार करावे लागत. बहुतेक कण सरळ पार गेले किंवा जरासे वळले. काही मात्र उलटे आले. प्लॅटिनमवर हे प्रमाण सुमारे आठ हजारांत एक भरले.

पाठ्यपुस्तक इथून उडी मारून केंद्रकावर येते. मधली दोन वर्षे गळतात, आणि त्या दोन वर्षांतच शिकण्यासारखे आहे. कारण ‘काही कण उलटे आले’ एवढ्यावरून केंद्रक सिद्ध होत नाही. थॉमसन यांच्या बाजूचा माणूस म्हणू शकला असता की कण एका अणूकडून थोडा वळला, दुसऱ्याकडून आणखी थोडा, असे होत होत पाठ फिरवून आला. रदरफर्ड यांनी हिशेब केला की अशा लहान लहान धक्क्यांची बेरीज होऊन आठ हजारांत एक कण परत येणे जवळजवळ अशक्य आहे. धक्का एकच हवा, आणि तो बसायचा तर प्रभार एका बिंदूवजा जागेत एकवटलेला हवा. १९११ च्या निबंधात त्यांनी कोणत्या कोनात किती कण जातील याचे सूत्र दिले. त्या निबंधात मधला प्रभार धन की ऋण हे त्यांनी ठामपणे सांगितले नव्हते, आणि इलेक्ट्रॉन कसे मांडलेले आहेत हा प्रश्न तर बाजूलाच ठेवला होता. मग गायगर आणि मार्सडेन पुन्हा अंधारात जाऊन बसले आणि १९१३ पर्यंत कोनागणिक लाखाहून अधिक ठिणग्या मोजून त्यांनी सूत्र तपासले. आकडे जुळले. वर्खावरून उलटलेल्या कणाची गोष्ट सगळे सांगतात; या कंटाळवाण्या मोजणीची कोणी सांगत नाही.

सोन्याच्या अणूचा व्यास त्याच्या केंद्रकाच्या साधारण वीस हजार पट आहे. घाटकोपरच्या फलाटाच्या मध्यावर हरभऱ्याचा दाणा ठेवला, तर बारा डब्यांची लोकल जिथवर पसरते जवळपास तिथवर तो अणू पसरेल. आकारमान समजायला हे ठीक आहे. पण फलाटाला कडा असते, अणूला नसते. हा फरक सातव्या प्रकरणात महत्त्वाचा ठरतो, म्हणून इथेच बजावून ठेवतो.

रदरफर्ड यांचा अणू एका गोष्टीत सपशेल नापास होता : तो टिकायलाच नको. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश बाहेर टाकणार, ऊर्जा गमावणार आणि एका सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी वेळात केंद्रकात कोसळणार. आपण तर जागच्या जागी आहोत. बोर यांना गृहीतके धरावी लागली ती यासाठी. त्यांच्या हाती लागलेला धागा मात्र एका शाळामास्तरांचा होता. बाझेलमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये, वयाच्या साठीत, हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषांचे सूत्र शोधले होते. ३६४.५६ ही संख्या घ्या. तीनचा वर्ग नऊ, त्यातून चार वजा केले की पाच, तेव्हा ३६४.५६ ला ९ ने गुणून ५ ने भागा. ६५६.२ येतात, आणि हायड्रोजनची तांबडी रेषा नेमकी तिथे, सुमारे ६५६ नॅनोमीटरवर आहे. तीनऐवजी चार घेतले की ४८६, पाच घेतले की ४३४. हे असे का, हे बाल्मर यांना ठाऊक नव्हते. बोर यांनी १९१३ मध्ये ते सांगितले : इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते आणि प्रत्येक रेषा म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर मारलेली उडी.

हे प्रारूप हेलियमपाशीच अडले. एक इलेक्ट्रॉन जास्त आला आणि आकडे जुळेनात. सोमरफेल्ड यांनी कक्षा लंबगोल करून पाहिल्या, त्याने काही बारकावे सुटले, मूळ दुखणे राहिले. हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये आणि श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी नवे गणित मांडले, बोर्न यांनी त्याचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत लावला, आणि इलेक्ट्रॉनचा मार्ग ही गोष्टच संपली. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीवर इलेक्ट्रॉन फिरतो असे बोर म्हणतात. नवे गणित म्हणते की तिथे त्याचा कक्षीय कोनीय संवेग शून्य आहे, म्हणजे तो त्या अर्थाने फिरतच नाही. पण १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हा आकडा दोघांचाही तोच. चित्र गेले, उत्तर राहिले.

एक शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत खासगी क्लासेसच्या पाट्यांवर तीन लंबवर्तुळे आणि मध्ये एक ठिपका असलेला अणू दिसतो. भौतिकशास्त्राने तो शंभर वर्षांपूर्वी सोडून दिला. नव्या अणूची पाटी रंगवता येत नाही, हा त्याचा मोठाच तोटा.

हे सगळे मुंबईत कसे आले? पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते होमी भाभा १९२७ मध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकायला केंब्रिजला गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख तेव्हा रदरफर्डच होते. चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला तेव्हा भाभा केंब्रिजमध्ये होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळूरला सुरू होऊन त्याच वर्षी ‘केनिलवर्थ’मध्ये आली. ट्रॉम्बेचे केंद्र १९५४ चे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, बांधणी इथली. पाण्याच्या हौदात बुडवलेल्या तिच्या गाभ्याभोवती निळसर प्रकाश दिसे, आणि हे नाव तिला पंडित नेहरूंनी दिले.

‘अप्सरा’सारखी भट्टी चालवणाऱ्याला अणू कोणता लागतो, हे विचारून पाहावे. इलेक्ट्रॉनांच्या रांगा, कवचे, उड्या यांतले त्याला जवळजवळ काहीच नको. त्याच्या दृष्टीने अणू म्हणजे न्यूट्रॉनच्या वाटेतले एक लक्ष्य, आणि त्या लक्ष्याचे क्षेत्रफळ तो बार्न नावाच्या एककात मोजतो. कॅडमियमच्या केंद्रकाचा प्रत्यक्ष छेद एका बार्नच्या आसपास भरतो. पण मंद न्यूट्रॉन गिळताना तेच केंद्रक दोन हजार बार्नांहून मोठे असल्यासारखे वागते. म्हणूनच भट्टी आवरायला कॅडमियम वापरतात. गोळ्यावर गोळा आदळतो या कल्पनेने हे कधीच समजणार नाही. न्यूट्रॉनला तरंग मानावे लागते. रदरफर्ड यांचा बिंदू आणि श्रोडिंगर यांचा तरंग इथे एकाच हिशेबात शेजारी शेजारी आहेत.

त्याच आवारात इंधनाच्या गोळ्या तपासणारा रसायनज्ञ अजून डाल्टन यांच्या तराजूपाशी आहे. युरेनियम डायऑक्साइडमध्ये एका युरेनियममागे ऑक्सिजनचे दोन अणू हवेत. प्रत्यक्षात ते किंचित कमी-जास्त असतात, आणि हे किंचित किती, हेच त्याला काढायचे असते. डाल्टन यांचा पूर्णांक नसता तर ढळ कशापासून मोजली असती? युरेनियमात बोरॉनचा लवलेशही चालत नाही, कारण तो न्यूट्रॉन गिळतो. तो पकडायला वर्णपटातल्या रेषा लागतात, आणि रेषा वाचणारा मनुष्य बोर यांच्या पातळ्यांच्या भाषेत बोलतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्बेत ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ त्वरक आला. अशा यंत्रातून कण सोडून, ते पातळ थरावरून किती ऊर्जेने परततात यावरून थरात कोणती मूलद्रव्ये किती खोलवर आहेत हे ओळखता येते. तो १९०९ चाच प्रयोग. फक्त मोजायला आता डोळे लागत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते उदाहरण ‘सायरस’ भट्टीचे आहे. कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली ही भट्टी १९६० मध्ये सुरू झाली. स्फटिकात अणू कुठे बसले आहेत हे क्ष-किरणांनी कळते. पण क्ष-किरण विखुरले जातात ते इलेक्ट्रॉनांवरून. हायड्रोजनपाशी इलेक्ट्रॉन एकच, तोही बंधात गुंतलेला, त्यामुळे हायड्रोजन नीट दिसत नाही. न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनांचे सोयरसुतक नाही. तो थेट केंद्रकावरून विखुरतो. राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेत न्यूट्रॉन वापरून अमिनो आम्लांतल्या हायड्रोजनच्या जागा काढल्या. एकाच स्फटिकाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की हायड्रोजनची जागा थोडी वेगळी येते : इलेक्ट्रॉनांचा ढग बंधाच्या बाजूला ओढलेला, केंद्रक आपल्या जागी. यांतले खरे कोणते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला अणूचा विषय कळू लागला आहे असे मी समजतो.

केंद्रकाचीही पुढे प्रारूपे झाली. त्याला द्रवाचा थेंब मानून बोर आणि व्हीलर यांनी १९३९ मध्ये विखंडनाचे गणित केले. १९४९ मध्ये मारिया गोपर्ट-मायर आणि येन्सन यांनी त्यातही कवचे दाखवली. थेंब आणि कवचे या कल्पना एकमेकींशी जुळत नाहीत, तरी दोन्ही वापरात आहेत. त्यावर एक छोटे प्रकरण आहे. क्वार्क आणि बाँब यांवर नाही. पहिल्यासाठी वेगळे पुस्तक हवे, दुसऱ्यावर पुस्तके पुष्कळ आहेत.

भाषेबद्दल थोडे. चुनाभट्टीचे मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, दोन्ही वि. ना. पुरव मार्गावर आहेत. दुसऱ्या केंद्राची स्थापना १९७४ ची. त्याचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना दाखवून दिले की मुले अडतात त्यात विज्ञानाइतकाच पुस्तकी भाषेचा वाटा असतो. मराठी माध्यमाच्या मुलाला तर आणखी एक धक्का बसतो : दहावीपर्यंतचे केंद्रक, प्रभार आणि वर्णपट अकरावीच्या पहिल्या दिवशी न्यूक्लिअस, चार्ज आणि स्पेक्ट्रम होतात. म्हणून या पुस्तकात संज्ञा बालभारतीच्याच ठेवल्या आहेत, वाक्ये आखूड आहेत, आणि शेवटी दोन्ही संज्ञांची यादी जोडली आहे.

पुस्तक वाचताना हातात कागद-पेन्सिल असावी. बोरच्या प्रकरणात एक प्रयोगही आहे : जुन्या सीडीवर ट्यूबलाइटचा प्रकाश तिरपा घ्यायचा, पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरच्या जागी आणि निळी ४३६ च्या जागी वेगळी उठून दिसते. घरोघर एलईडी आल्यापासून हा प्रयोग फसू लागला आहे, कारण एलईडीत अशा रेषा नाहीत, सलग पट्टा आहे. शाळेच्या जिन्यात एखादी जुनी नळी उरली असेल तर ती बदलण्याआधी वापरून घ्यावी. बाल्मर यांच्या सूत्रात सहा घालून येणारे उत्तर मी मुद्दाम दिलेले नाही. ते जांभळ्या टोकापाशी येते, आणि ती रेषा काहींना दिसते, काहींना दिसत नाही.